तून आणि शिसवाचे जोड-ठोकळे: वॉटरप्रूफ ग्लू आणि पाइप क्लॅम्प, आठ महिन्यांनंतर

मिरजेत राहायचा फायदा म्हणजे तूनचं लाकूड. सतारी-तंबोरे बनवणाऱ्यांकडे उरलेले तुकडे मिळतात. हलकं, लालसर, लेथवर छान कातलं जातं. त्यात शिसवाची काळी पट्टी घालून फुलदाण्या करायच्या म्हणून जूनमध्ये वॉटरप्रूफ सफेद ग्लूचा किलोचा डबा आणि चार पाइप क्लॅम्प (लोखंडी पाइपवर बसणारे, तुकडे आवळून धरणारे शिकंजे) घेतले. आजवर तीसेक ठोकळे जोडलेत.

पहिल्या दोन वाट्या लेथवरच सांध्यात उघडल्या. मी ग्लूला दोष दिला, पण चूक माझी होती. शिसव रंधून महिनाभर ठेवलं होतं. शिसव, साग ही तेलकट लाकडं. तेल वर येतं आणि ग्लू धरत नाही. आता रंधा मारला की ॲसिटोनच्या फडक्याने पुसतो आणि वाळताच जोडतो. त्यानंतर एकही सांधा सुटला नाही.

खरी परीक्षा पट्टी मधोमध बसवण्याची. ओला ग्लू तेलासारखा वागतो. क्लॅम्प आवळला की तुकडे सरकतात. अर्धा सूत सरकलं तरी ठोकळ्यात कळत नाही, पण फुलदाणीची मान बारीक झाली की पट्टी एका बाजूला गेलेली लगेच दिसते. म्हणून तुकडे लागतात त्यापेक्षा दोन-दोन इंच जास्त लांब ठेवतो आणि त्या जादा टोकांत बिनडोक्याचे खिळे ठोकतो. लेथवर चढवण्याआधी ती टोकं कापून टाकायची, हे विसरू नका. शिवाय तिन्ही तुकड्यांच्या (दोन तूनचे, मधे शिसव) लाकडातल्या रेषा एकाच दिशेला हव्यात.

क्लॅम्प एक वरून, एक खालून लावा, नाहीतर ठोकळा वाकतो. पाइपवर पॅकिंग टेप गुंडाळा. ओला ग्लू आणि लोखंड भेटले की लाकडावर काळे डाग पडतात. सांध्यातून ग्लूचे बारीक मणी आले की आवळणं थांबवायचं. आणखी पिळायची गरज नसते.

वाळायला मी चोवीस तास देतो, पावसाळ्यात दोन दिवस. तरी ऑगस्टमधल्या एका फुलदाणीत डिसेंबरला सांध्यावर नख अडकायला लागलं. लाकूड दमट होतं, आणि दोन्ही लाकडं सारखी आकसत नाहीत. आता तुकडे जोडण्याआधी दोन-तीन आठवडे एकाच कपाटात ठेवतो. पॉलिश पेपर मारतानाही घाई नको, तापलं की ग्लूची रेघ मऊ पडते.

तक्रार एकच, क्लॅम्पच्या संख्येची. फूटभर ठोकळ्याला तीन लागतात, म्हणजे चारांत एकच काम होतं. दिवाळीनंतर आणखी दोन घेतले.