नव्या फ्लँजखाली जुनी माती, आणि माझे १८,६४० रुपये

पैसे गेले ते गेलेच, पण लाज जास्त वाटते. हीच जीप मी तेवीस वर्षं चालवतोय. १९९३ची महिंद्रा एमएम ५४०, फोर बाय फोर. आंब्याच्या पेट्या बागेतून वर काढायला आजही तिच्याशिवाय दुसरं काही चालत नाही.

जूनच्या सुरुवातीला पुढच्या दोन्ही चाकांना ड्राइव्ह फ्लँजच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर (हबवर) बोल्टांनी बसणाऱ्या चकतीच्या कडेनं तेल सुटलं. रिमवर काळे ओघळ. आमचा नेहमीचा मिस्त्री गावी गेलेला, म्हणून हायवेवरच्या एका गॅरेजात गाडी लावली. त्यानं चाक हलवल्यासारखं केलं आणि म्हणाला, "साहेब, हब खलास. घाटात चाक निखळलं तर?" शेजारी मुलगी बसलेली. त्याला तेवढं पुरलं.

तीन दिवसांनी कच्च्या चिठ्ठीवर हिशेब हातात आला. बेअरिंग ४ नग ६,८००, फ्लँज २ नग ३,६००, सीलं १,९४०, ऑइल १,३००, मजुरी ५,०००. आठ हजार आधी मोबाइलवरून पाठवले होते, उरलेले १०,६४० रोख दिले. रोख दिलेल्या पैशांचा आज माझ्याकडे कसलाही पुरावा नाही.

आणि आता ते, जे आठवलं की अजून झोप उडते. फ्लँजला काळा रंग चकचकीत मारलेला. एका बोल्टच्या मुळाशी रंग फुगलेला दिसला, म्हणून नखानं खरवडला. खालून लाल माती निघाली. आमच्याच बागेतली, वाळून दगड झालेली. नव्या फ्लँजवर माझ्या बागेतली माती! दिसली, बोटावर घेतली, पँटला पुसली आणि पैसे मोजले. पाऊस कोसळत होता, साडेसात वाजले होते, मुलीला स्टँडवर सोडायचं होतं. तुम्हीही मोजले असते.

जुने पार्ट मागितले होते मी, हे लिहून ठेवतो. "भंगारवाला सकाळीच घेऊन गेला." जुने पार्ट गाडी सोडतानाच मागा, आणि काम चालू असताना फोटो पाठवायला सांगा.

नवव्या दिवशी पुन्हा ओघळ. आमच्या मिस्त्रीनं सहा बोल्ट काढून फ्लँज उचलला. जुनं कागदी पॅकिंग तसंच, चिंध्या झालेलं, त्यावर बाहेरून सिलिकॉन थापलेलं. बेअरिंग जुनीच. खरं दुखणं भलतीकडेच होतं. एक्सलचा ब्रिदर, म्हणजे आतली हवा बाहेर सोडणारं बारीक तोंड, चिखलानं बुजलेला. ऑइल तापलं की आत दाब धरतो आणि ते सील ओलांडून नकलमधून (चाक वळतं तो सांधा) हबात येतं, तिथून फ्लँजच्या कडेनं बाहेर. तारेनं ब्रिदर मोकळा केला, दोन नवी पॅकिंगं, दोन्ही तोंडं घासून पुसून, बोल्ट समोरासमोरचे धरून आवळले. ७४० रुपये, मजुरीसकट. तेल गळलं की आधी ब्रिदर बघा, आणि फ्लँज उघडल्याशिवाय कुणालाही सिलिकॉनची ट्यूब काढू देऊ नका.

मग चौकीत गेलो. हवालदार म्हणाले, गॅरेज आमच्या हद्दीत नाही. दुसऱ्या चौकीत दीड तास बसवून ठेवलं आणि सांगितलं, "पैसे तुम्ही राजीखुशीनं दिलेत, हा दिवाणी मामला." म्हणजे राजीखुशीनं फसलेल्याची तक्रार नसते! तिथून तक्रार घेऊन एका कार्यालयात गेलो, तर खिडकीतल्या बाई म्हणाल्या, पक्कं बिल आणा. पक्कं बिल दिलं असतं तर तो चोर कसला? तिसऱ्या खेपेला साहेब जेवायला, चौथ्या खेपेला साहेब रजेवर. जाण्यायेण्याच्या डिझेलातच मिस्त्रीचे ७४० दोनदा फिटले असते. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी लागत नाही आणि दोन वर्षांची मुदत असते, एवढंसुद्धा त्यांतल्या एकानं सांगितलं नाही. मी स्वतः शोधलं. अर्ज आता भरलाय.

अर्जाला जोडायला पुरावा म्हणून मोबाइलवरच्या आठ हजारांची नोंद आहे आणि ती कच्ची चिठ्ठी. तिच्यावर 'फ्लँज २ नग नवीन' लिहिलंय. 'नवीन'खाली त्यानं दोन रेघा मारल्यात.