ओशिनेन तळं: काठ, होयबेर्गची वाट की हटमध्ये मुक्काम?

स्वित्झर्लंडच्या सहलीत एखादा दिवस मोकळा निघाला की कुणीतरी ओशिनेन तळ्याचं नाव सुचवतंच. फोटो पाहून जायचं पक्कं होतं. खरा प्रश्न तिथे पोचल्यावर पडतो. गोंडोलातून (रोपवेच्या बंद डब्यातून) उतरलं की समोर पिवळ्या पाट्यांचा खांब, त्यावर होयबेर्ग, ओबरबेर्गली, फ्र्युंडन, ब्ल्युमलिसाल्प अशी नावं आणि प्रत्येकापुढे वेळ. अर्धा तास ते साडेचार तास, सगळ्या वाटा एकाच तळ्याभोवतीच्या. त्यातली कुठली आपली हे घरूनच ठरवून निघालेलं बरं, कारण मोठ्या वाटांसाठी सकाळची वेळ आणि रात्रीची जागा दोन्ही आधी हातात असावी लागतात.

माझं मत आधीच सांगून टाकतो. एकच दिवस असेल आणि सोबतच्यांची चालण्याची तयारी असेल, तर होयबेर्गची वरची वाट. दोन दिवस असतील तर ब्ल्युमलिसाल्प हटवर (डोंगरात उंचावरच्या मुक्कामाच्या घरात) मुक्काम, तोही पलीकडच्या ग्रीसआल्पच्या बाजूने चढून. नुसत्या काठासाठी एवढ्या लांब यायचं की नाही, हे सोबत कोण आहे त्यावर अवलंबून आहे.

आधी जागा समजून घेऊ. तळ्याचं पाणी समुद्रसपाटीपासून 1,578 मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षा (1,646 मीटर) जेमतेम खाली. गोंडोलाचं वरचं स्थानक सुमारे 1,680 मीटरवर, म्हणजे तिथे उतरलात की कळसूबाई ओलांडलीच. त्याच्याही वर ब्ल्युमलिसाल्पहॉर्न, ओशिनेनहॉर्न, फ्र्युंडनहॉर्न, डोल्डनहॉर्न अशी 3,300 ते 3,660 मीटरची रांग उभी आहे, आणि तिच्या हिमनद्यांचं पाणी धबधब्यांनी तळ्यात उतरतं. तळं झालं ते प्रचंड दरड कोसळून ओढ्याची वाट अडल्यामुळे. पाण्याला वरून दिसणारी बाहेरची वाट नाही, ते दरडीच्या खडकांतून खालच्या खाली झिरपत जातं. म्हणून पातळी ऋतूप्रमाणे कित्येक मीटर वरखाली होते. हिवाळ्याअखेर गेलात तर काठ रुंद आणि पाणी खोल गेलेलं, ऐन उन्हाळ्यात पाणी गवताला टेकलेलं. जून 2007 मध्ये हा भाग युंगफ्राउ-आलेच जागतिक वारसा क्षेत्रात आला.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना तिथे गेल्यावरच कळते. तळ्याला काठाकाठाने पूर्ण प्रदक्षिणा घालता येत नाही. दक्षिणेचे कडे थेट पाण्यात उतरतात. तेव्हा 'तळ्याभोवतीची वाट' याचा अर्थ इथे उत्तरेच्या काठाने किंवा त्याच्या डोक्यावरून जाणारी वाट.

पाट्यांचे रंगही समजून घ्या. नुसती पिवळी खूण म्हणजे साधी पायवाट. पांढरा-लाल-पांढरा पट्टा म्हणजे डोंगरवाट: चढ खडा, कुठे साखळ्या, कुठे एका बाजूला दरी, आणि बूट चांगले हवेत. पांढरा-निळा-पांढरा म्हणजे कातळ, घसारा, बर्फ यांतून वाट काढणं, कधी हातांनीही. पाटीवरचा वेळ विश्रांती सोडून असतो. फोटो काढत चालणाऱ्यांनी त्यात निदान तिसरा हिस्सा वाढवावा.

काठ

आईवडील, लहान मुलं किंवा गुडघ्यांची तक्रार असलेलं कुणी बरोबर असेल, तर फार विचार करू नका. बर्न किंवा इंटरलाकेनहून श्पीट्समार्गे पायथ्याच्या कांडरस्टेग गावाला रेल्वे येते. गावातून गोंडोला घ्यायची आणि वरून तळ्यापर्यंत अर्ध्या तासाच्या आत चालायचं. काठावर हॉटेल आहे, वल्हवायच्या होड्या मिळतात. फक्त हे लक्षात असू द्या की गोंडोलाकडून तळ्याकडे उतार आहे, म्हणजे परतताना शंभरेक मीटरचा चढ. जेवून आळसावलेल्या मंडळींना तो नको होतो. रेल्वेचा पास असला तरी गोंडोलाचं तिकीट वेगळं काढावं लागतं, आणि उन्हाळ्यातल्या सुट्टीच्या दिवशी वेळ आधीच राखून ठेवलेली बरी. गावातून पायीही येता येतं: चारशे मीटरचा चढ, दीडेक तास.

एवढंच करायचं असेल तर सकाळी पहिल्या गोंडोलाने या किंवा दुपारी उशिरा. भर दुपारी इथे जत्रा असते.

होयबेर्ग आणि ओबरबेर्गली

ही वाट मी सर्वांत वर ठेवतो. गोंडोलापासून तळ्याकडे न उतरता डावीकडे चढायला लागायचं. रान संपलं की वाट गवताळ उतारावरून आडवी जाते आणि उजव्या हाताला, जवळजवळ चारशे मीटर खाली, तळं उघडतं. काठावरून ते हिरवंनिळं दिसतं. वरून त्याचं अख्खं रूप दिसतं: हिमनदीचं गढूळ पाणी कुठून आत येतं, काठाजवळ रंग कसा पातळ होतो, सगळं. पोस्टकार्डावर असतो तो फोटो इथूनच काढलेला असतो.

होयबेर्ग सुमारे 1,940 मीटरवर. तिथून फारशी उंची न गमावता ओबरबेर्गलीच्या पठारावर, मग खडी उतरण घेऊन उंटरबेर्गली, आणि शेवटी काठाने परत. अंतर आठेक किलोमीटर, वेळ साडेतीन तासांच्या आसपास. ओबरबेर्गली आणि उंटरबेर्गली हे उन्हाळी गुरांचे पाडे. मोसमात तिथे चीज आणि ताक-दूध मिळतं.

सह्याद्रीत फिरणाऱ्याला या वाटेचं भय वाटायचं कारण नाही. हरिश्चंद्रगडाची नळीची वाट केलेल्याला तर ही रस्त्यासारखी वाटेल. पण एका बाजूला दरी बराच वेळ सोबत असते, वाट काही ठिकाणी एका माणसापुरती, आणि ओल्या गवतावर पाय घसरला तर मध्ये अडवणारं काही नाही. उंचीला घाबरणाऱ्या माणसाला 'काही नाही रे, चल' म्हणून ढकलू नका. त्याला काठाने उंटरबेर्गलीपर्यंत जाऊ द्या, तुम्ही वरून या आणि तिथे भेटा. दिशाही हीच ठेवा, आधी होयबेर्ग, मग खाली. बहुतेक लोक असेच जातात, त्यामुळे अरुंद जागी समोरासमोर येण्याची वेळ कमी येते, आणि ओबरबेर्गलीखालची खडी उतरण चढावी लागत नाही.

लहान मुलं? हात धरून राहणारं आठ-नऊ वर्षांचं मूल आरामात करतं. धावणारं मूल असेल तर काठच बरा.

फ्र्युंडन हट

ज्याला गर्दी नको आणि चढ हवा, त्याच्यासाठी ही वाट. हट 2,562 मीटरवर, तळ्यापासून जवळजवळ हजार मीटर सरळ वर. वेळ तीन तास. वाट नागमोडी, कातळाच्या पट्ट्यांमधून, अवघड जागी तारा लावलेल्या. मध्ये सपाटी जवळजवळ नाहीच. वर पोचल्यावर हिमनदी समोर आणि तळं थेट पायाखाली.

उतरताना मात्र हाच हजार मीटर गुडघ्यांवर येतो. म्हणून एका दिवसात जाऊन येणाऱ्यांपेक्षा मुक्कामी लोकांना ही वाट जास्त मानवते. ओबरबेर्गलीच्या बाजूने फ्र्युंडनश्नूर नावाची एक आडवी वाट कड्याच्या पट्टीवरून हटकडे येते. ती पांढऱ्या-निळ्या खुणांची आहे. नकाशावर दोन टोकं जोडलेली पाहून मोह होतो, पण तिथे तारेला धरून अरुंद कातळावरून चालावं लागतं आणि मोसमाच्या सुरुवातीला बर्फ साचलेला असतो. तसल्या जागी पाय सरावलेला नसेल तर सोडून द्या.

ब्ल्युमलिसाल्प हट: कुठल्या बाजूने?

दोन दिवस असलेल्यांसाठी यासारखं दुसरं नाही. हट 2,840 मीटरवर, होट्युर्ली खिंडीच्या (2,778 मीटर) थोडं वर. ही खिंड म्हणजे स्वित्झर्लंड आडवा पार करणाऱ्या व्हिया आल्पिना वाटेचा सर्वांत उंच बिंदू.

तळ्याकडून चढलात तर उंटरबेर्गली, ओबरबेर्गली, मग हिमनदीने रचून ठेवलेल्या दगडमातीच्या धारेवरून वर. साडेबाराशे मीटरहून जास्त चढ, चार-साडेचार तास. पलीकडून, म्हणजे ग्रीसआल्पहून (1,408 मीटर), चढ चौदाशे मीटरच्या वर. शेवटच्या टप्प्यात काळा भुसभुशीत घसारा आणि त्यावर टाकलेले लाकडी जिने. नुसते आकडे पाहिले तर तळ्याची बाजू सोपी दिसते, आणि म्हणूनच लोक तिकडून चढतात आणि तिकडूनच उतरतात.

मी उलटं सुचवतो. कांडरस्टेगहून रेल्वेने राइखेनबाखला या, तिथून कीनटालचं खोरं ओलांडून ग्रीसआल्पला जाणारी पोस्टाची बस घ्या. तिच्या शेवटच्या वळणांवरचा रस्ता 28 टक्क्यांपर्यंत चढतो, तोही एक अनुभवच. ताज्या पायांनी घसारा चढून जा. घसारा चढायला कंटाळवाणा, पण उतरायला वाईट, हे आपल्याकडच्या कुठल्याही ट्रेकरला सांगायला नको. रात्री हटवर राहा. दुसऱ्या दिवशी उतरताना तळं सतत समोर असतं, आणि ओबरबेर्गलीला पोचल्यावर काठाकडे न उतरता होयबेर्गच्या वाटेने थेट गोंडोला गाठता येतो. म्हणजे पहिली पसंतीची वाटही याच दोन दिवसांत होऊन जाते, आणि गावापर्यंतचा शेवटचा पाचशे मीटरचा उतार गोंडोलावर सोपवता येतो.

एका दिवसात ग्रीसआल्प ते कांडरस्टेग करणारे आहेत. चढ चौदाशे, उतार सोळाशेच्या पुढे. वेळेवर सुटलं तर होतं, पण दुपारनंतर ढग गडगडायला लागले तर खिंडीत असणं चांगलं नाही.

शिखरं

ब्ल्युमलिसाल्पहॉर्नवर पहिले चढले ते 27 ऑगस्ट 1860 ला. त्यात लेस्ली स्टीफन होते, पुढे ज्यांची मुलगी व्हर्जिनिया वुल्फ म्हणून नावाजली. सोबत मेल्खियोर आंडेरेग हे त्या काळचे नामांकित वाटाडे. डोल्डनहॉर्न दोन वर्षांनी, 1862 मध्ये. इथे हिमनदी, तिच्या भेगा, बर्फ आणि सैल दगड आहेत. दोर, क्रॅम्पॉन (बुटांना लावायचे लोखंडी काटे), बर्फकुऱ्हाड आणि स्थानिक गाइड असल्याशिवाय जायचं नाही. हिमालयातल्या संस्थांतून बेसिक कोर्स केलेल्यांनी हटवरून गाइडसोबत एखादं सोपं शिखर करून पाहावं. इतरांसाठी हटचा ओटा पुरे.

मोसम, दरड आणि हटचे नियम

होयबेर्ग साधारण जूनच्या उत्तरार्धात मोकळी होते, दोन्ही हटच्या वाटा जुलैपासून सप्टेंबरपर्यंत. खिंडीच्या आसपास बर्फ जुलैतही असू शकतो. हिवाळ्यात तळं गोठतं आणि बर्फ पुरेसा जाड झाला की त्यावरून चालताही येतं, पण तो वेगळाच प्रवास.

तळ्याच्या दक्षिणेला श्पिट्झर श्टाइन नावाचा डोंगर काही वर्षांपासून सरकतो आहे. त्याच्या खालचा भाग बंदीक्षेत्र आहे आणि कोणती वाट उघडी हे बदलत राहतं. गावातून पायी यायचं असो वा दक्षिणेकडे जायचं असो, त्या दिवशीची सूचना पाहूनच निघा. बंदीची फळी ओलांडून गेल्यावर काही झालं तर विमाही हात वर करू शकतो. डोंगरातल्या सुटकेसाठी रेगा या हवाई बचाव संस्थेचा क्रमांक 1414. हेलिकॉप्टर येतं आणि त्याचं बिलही येतं, त्यामुळे प्रवास विम्यात डोंगरी सुटका आहे का ते निघण्यापूर्वी वाचून ठेवा.

हटची जागा आधी ऑनलाइन राखावी लागते. झोपायला एका मोठ्या खोलीत सलग गाद्या, पांघरुणं तिथलीच, पण आत घालायचं पातळ कापडी स्लीपिंग लायनर आपलं आणायचं. जेवण सगळ्यांना एकाच वेळी आणि एकच, संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास. शाकाहारी असाल तर जागा राखतानाच लिहा. वर पोचून सांगितलंत तर बहुधा सूप आणि पाव एवढ्यावर रात्र काढावी लागेल. सोबत चिवडा किंवा लाडू असू द्या, पण सामायिक टेबलावर आपलाच डबा उघडून बसू नका, तिथे ते रुचत नाही. नळाचं पाणी सगळीकडे पिण्याजोगं नसतं आणि बाटली वर महाग मिळते, म्हणून चढतानाच दोन लिटर पाठीवर घ्या.