रेसमेड एअरसेन्स १० ऑटोसेट: मशीन चोख, कस लागतो मास्कचा

झोपेत श्वास अडणाऱ्या प्रौढांना स्लीप स्टडीनंतर (झोपेतल्या श्वासाच्या तपासणीनंतर) डॉक्टरांनी ऑटो सीपॅप, म्हणजे मास्कमधून दाबानं हवा देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणारं आणि दाब आपोआप बदलणारं मशीन सांगितलं असेल, तर हे मशीन जरूर घ्यावं. दाब ४ ते २० सेंटिमीटर पाणी (हवेचा दाब मोजायचं एकक) या दरम्यान श्वासागणिक जुळवून घेतं, आवाजही जेमतेम.

तक्रारी येतात त्या मास्कच्या. गळती मिनिटाला २४ लिटरच्या वर गेली की उपचार ढिला पडतो, डोळे कोरडे होतात. म्हणून पट्टे आवळत सुटू नका. आडवं होऊन, हवा चालू ठेवून मास्क किंचित उचला, पुन्हा टेकवा. चेहऱ्याच्या तेलानं मास्कचं सिलिकॉन घसरतं. ते रोज धुवाच. तोंड उघडं राहत असेल तर नाक-तोंड झाकणारा मास्क बघा. हवा ओलसर करणाऱ्या टाकीत डिस्टिल्ड पाणी, फिल्टर सहा महिन्यांच्या आत नवा.

३० किलोंखालच्या मुलांसाठी हे मशीन नाही. मुलांचे आधी टॉन्सिल आणि अॅडिनॉइड (नाकामागची गाठ) तपासून घ्या. बहुतेकदा अडथळा तिथेच असतो.