लॅटिन पार्टिसिपलचा ऑनलाइन कोर्स: द्वितीयेपर्यंत झकास, पंचमीला घाई

लॅटिनच्या पार्टिसिपलवरचा, म्हणजे क्रियापदापासून बनलेल्या विशेषणांवरचा, हा रेकॉर्डेड कोर्स काल संपवला. घ्या असंच सांगेन, पण एक तक्रार आहे.

आधी चांगलं. शिकवणाऱ्या मॅडमनी अख्खा पहिला भाग एकाच शब्दावर घालवलाय, फेरेन्स, म्हणजे नेणारा किंवा नेत असलेला. प्रथमा एकवचनात तिन्ही लिंगांना फेरेन्सच, षष्ठीला फेरेन्तिस, द्वितीयेला पुल्लिंगी-स्त्रीलिंगी फेरेन्तेम आणि नपुंसकलिंगी परत फेरेन्स. संस्कृत शिकलेल्यांनी इथे व्हिडिओ थांबवा आणि फेरेन्तेमच्या शेजारी भरन्तम् लिहून बघा, तोच धातू, तेच न्त, तीच द्वितीया!! मला तर काटाच आला अंगावर. कोर्समध्ये याचा उल्लेख नाही, खरं तर हवा होता.

अर्थसुद्धा छान उलगडलाय. अक्वाम फेरेन्स केकिदित म्हणजे पाणी नेताना पडला, आता पडणं भूतकाळातलं असलं तरी फेरेन्स वर्तमानातलंच राहतं, कारण त्याचा काळ मुख्य क्रियापदाच्या सोबतचा धरायचा असतो, हे माझ्या डोक्यात इतके दिवस बसत नव्हतं ते मराठीतल्या 'नेताना'मुळे एका फटक्यात बसलं. मग येतं त्याच क्रियापदाचं लातुस, म्हणजे नेलेला. याचं मूळ वेगळंच, म्हणून इंग्रजीत ट्रान्सफर आणि ट्रान्सलेट असे दोन वेगळे दिसणारे शब्द एकाच लॅटिन क्रियापदातून आलेत. हे चालवायला सोपं, -उस, -आ, -उम (पुल्लिंगी, स्त्रीलिंगी, नपुंसकलिंगी) अशा साध्या विशेषणासारखं.

आता तक्रार. पंचमी एकवचनात फेरेन्ते आणि फेरेन्ती अशी दोन रूपं होतात आणि मॅडम "दोन्ही चालतात" म्हणून पुढे निघून जातात. असं कसं चालेल! क्रियेचा अर्थ असेल तिथे -ए, नुसतं विशेषण असेल तिथे -ई. सोले ओरिएन्ते, सूर्य उगवत असताना, ही तर चक्क आपली संस्कृतातली सति सप्तमी ('अमुक होत असताना' सांगणारी सप्तमीची रचना), फक्त विभक्ती वेगळी, इथे -ए च लागतो. आणि आर्देन्ती स्तुदिओ, धगधगत्या उत्साहाने, इथे -ई. हा फरक कळला नाही तर मूळ उतारे वाचताना माणूस वाक्यावाक्याला अडकतो, मी अडकलेय म्हणून इतकं कळकळीने लिहितेय.

सरावाला रूपं भरायचे तक्ते भरपूर आहेत, वाक्यं मात्र कमी.

४ स्टार. पंचमीचा भाग नव्याने रेकॉर्ड केला तर पाचवा लगेच देईन.