सांगली, विश्रामबागेतला संध्याकाळचा इंग्रजी क्लास

हळदीच्या अडतीवर हिशेब लिहितो, वय 46. लेकीनं हट्टानं नाव घातलं. बाकीचे काळ निभले, भविष्यकाळात गाडी रुतली. मॅडमनी आमच्याच धंद्यातलं उदाहरण घेतलं: अकरा वाजता सौदा चालू असेल तर 'विल बी सेलिंग', अकराच्या आत उरकलेला असेल तर 'बाय इलेव्हन, विल हॅव सोल्ड'. मराठीत 'विकत असेन' आणि 'विकलेली असेल', एवढंच की! इंग्रजीतला 'ही' (म्हणजे तो) आला म्हणून मी 'विल हॅज' लिहिलं, तिथं लाल रेघ. 'विल'नंतर 'हॅज' कधीच नाही, तिथं 'हॅव'च. 'विल बी नोइंग'वर तर सगळी बॅच हसली; 'नो'ला (माहीत असणं) असं 'इंग' लागत नाही.

पंखा फार कुरकुरतो, मागं काही ऐकू येत नाही. पुढचं बाक धरा.