ड्रोनचा रेट: पर व्हिजिट घ्यावा की हाफ डे?

आरपीसी (ड्रोन पायलटचं लायसन्स) हातात आलं, ड्रोनचा यूआयएन (रजिस्ट्रेशन नंबर) झाला, इन्शुरन्स काढून झाला, आणि पहिला कस्टमर फोनवर विचारतो "तुमचा रेट काय?" इथे बऱ्याच जणांची गाडी अडते. माझीपण अडली होती. ठाणे-नवी मुंबईत हे काम सुरू करणारे दोनतीन जण गेल्या महिन्याभरात मला हेच विचारून गेले, म्हणून म्हटलं एकदा सविस्तर लिहून टाकू.

रेट लावायच्या पद्धती मुळात दोनच. एक म्हणजे पर व्हिजिट, म्हणजे कामाचा एक ठरलेला आकडा, या आणि फोटो-व्हिडिओ देऊन जा. दुसरी हाफ डे / फुल डे, म्हणजे तुमचा वेळ विकायचा. मी पहिली दोन वर्षं पर व्हिजिट केलं, आता हाफ डे करतो. सगळ्यांना हेच जमेल असं नाही, काम कुठलं आहे त्यावर पण आहे, तरी माझं मन कुठे आहे ते वाचताना कळेलच.

आधी एक गैरसमज. नवीन मुलं रेट काढताना लायसन्सचा खर्च डोक्यात धरून बसतात. कोर्सला मला जाणं-येणं, राहणं सगळं धरून ५० हजाराच्या आसपास लागले. पण आरपीसी १० वर्षं चालतं. म्हणजे वर्षाला ५ हजार, आणि वर्षात ६० दिवस जरी काम मिळालं तरी दिवसाला ८३ रुपये. चहा आणि दोन वडापाव. इन्शुरन्सचं पण तसंच, मायक्रो ड्रोनला (२५० ग्रॅमच्या वर, २ किलोपर्यंतचा) थर्ड पार्टी लागतोच पण त्याने कोणी बुडत नाही. बॅटऱ्या खातात पैसे, चार बॅटऱ्या दोन वर्षांत दमल्या माझ्या. तेव्हा "आमच्याकडे लायसन्स आहे म्हणून रेट जास्त" हे कस्टमरला सांगू नका, त्याला ते पटत पण नाही आणि हिशोबाने पण तसं नाहीये.

लायसन्सचा खरा खर्च वेगळीकडे आहे. तो म्हणजे थांबणं, आणि नाही म्हणणं.

बघा, ड्रोन रूल्स २०२१ प्रमाणे प्रत्येक उड्डाणाच्या आधी पायलटने डिजिटल स्कायवर (सरकारचं ड्रोनचं पोर्टल, झोनचा नकाशा तिथेच असतो) काही निर्बंध आलाय का ते बघायचं असतं. ग्रीन झोनमध्ये, म्हणजे नकाशावरच्या मोकळ्या भागात, ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही, आणि विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट होते, हे कोर्समध्ये सगळ्यांचं पाठ असतं. पण त्याच नियमांत राज्य सरकार किंवा पोलीस एखादा भाग तात्पुरता रेड झोन, म्हणजे उड्डाणाला बंद, करू शकतात, ९६ तासांपर्यंत, हे पहिल्या वेळी अंगावर आल्याशिवाय लक्षात राहत नाही. शिवाय सणासुदीला, व्हीआयपी येणार असले की पोलीस आयुक्तालयाचे मनाई आदेश निघतात, पूर्वीचं कलम १४४, आता नव्या कायद्याचं, बीएनएसएसचं, कलम १६३. त्यात ठाण्यात कोलशेतला एअर फोर्स स्टेशन, नवी मुंबईच्या समोर खाडीपलीकडे ट्रॉम्बेचं बीएआरसी (भाभा अणुसंशोधन केंद्र), आणि २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून विमानं सुरू झालेली. म्हणजे आपल्या एरियात नकाशा न बघता "हो येतो" म्हणायची सोयच नाही.

आता हे सगळं बंधन कोणावर? पायलटवर. दंड १ लाखापर्यंत, तो पण आपल्याला. आणि पर व्हिजिटमध्ये गंमत अशी आहे की काम अडलं तर त्याचा भुर्दंडपण आपल्यालाच.

माझं जे ठरलं ते एका साइटवरून ठरलं. घोडबंदर रोडला टॉवरचं काम, दर महिन्याला प्रोग्रेस व्हिडिओ, ६,००० पर व्हिजिट, वर्षाचं बोलणं झालेलं. ऐकायला झकास. बारा महिने, बहात्तर हजार, पक्कं काम, मी खूश. पहिल्या तीन महिन्यांत काही झालं नाही. चौथ्या महिन्यात सकाळी सात वाजता गेटवर हजर, तर आत स्लॅब चालू. टॉवर क्रेनचा हात फिरतोय, खाली काँक्रीटचे मिक्सर लाइनीत उभे. साइट इंजिनिअर चांगला मुलगा, म्हणाला "सर, एवढी ट्रिप झाली की क्रेन थांबवतो." मी हेल्मेट घालून सिक्युरिटीच्या केबिनबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलो. एवढी ट्रिप झाली, मग अजून एक झाली, मग त्यांचा नाश्ता झाला, मला पण एक समोसा दिला. साडेअकराला क्रेन थांबली तेव्हा खाडीवरून वारा सुटलेला, ऊन डोक्यावर, इमारतीची सावली गायब, आणि वर एक घार येऊन ड्रोनला दोनदा हूल देऊन गेली. अकरा मिनिटं उडवलं आणि उतरवलं. व्हिडिओ दिला, तर संध्याकाळी ऑफिसमधून फोन, "लाइट फार कडक आलाय हो, एक चक्कर मारून जा ना."

एक चक्कर मारून जा ना. हे वाक्य मला त्या वर्षी पाच वेळा ऐकायला लागलं. एकदा लाइट, एकदा पाऊस, एकदा त्यांच्या साहेबांना होर्डिंग फ्रेममध्ये हवं होतं जे शूटच्या दिवशी लागलंच नव्हतं, एकदा परत स्लॅब. आणि पाचव्या वेळी तर मी निघायच्या आधी मोबाइलवर बघितलं, तात्पुरता रेड झोन पडलेला, फोन करून कळवलं, तर पलीकडून उत्तर आलं "तो तुमच्या परवानगीचा प्रॉब्लेम आहे ना, आमचं पेमेंट व्हिजिटचं ठरलंय." बोलणारा चुकीचं बोलत नव्हता. ठरलं तसंच होतं. त्याला महिन्याचा व्हिडिओ विकत घ्यायचा होता, मी किती वेळा येतो याच्याशी त्याला काय देणंघेणं. वर्षाच्या शेवटी डायरी काढली, १२ व्हिजिटचे पैसे आणि १७ फेऱ्या. म्हणजे फेरीला साधारण ४,२०० पडले, त्यात गाडीचं पेट्रोल आणि गायमुखच्या बाजूला ट्रकच्या मागे काढलेले तास धरलेच नाहीत.

मग मी हाफ डे वर गेलो. ८,००० चार तासांचे, गेटवर पोचल्यापासून मोजायचे, क्रेन फिरतेय का स्लॅब चालू आहे याच्याशी मला देणंघेणं नाही. आदल्या दिवशी रात्री आठच्या आत कॅन्सल केलं तर काही नाही, गेटवर पोचल्यावर कॅन्सल झालं तर निम्मे. निर्बंध मी घरून निघायच्या आधी आला असेल तर पैसे नाहीत, तारीख बदलायची. हे कोटेशनमध्ये खाली मराठीत चार ओळी लिहितो. आणि यलो झोनची (जिथे परवानगी घेऊनच उडवता येतं) परवानगी, पोलीस स्टेशनला पत्र देऊन शिक्का आणणं वगैरे असेल तर तो कागदपत्रांचा आकडा वेगळ्या ओळीत, कारण ते काम ड्रोन उडवण्यापेक्षा जास्त दमवतं.

हाफ डे ला त्रास नाही असं नाही हां. कस्टमरला वाटतं माणूस मुद्दाम टंगळमंगळ करेल. आणि एकदा वेळ विकत घेतला की त्याला पुरेपूर वसूल करायचा असतो: "आहातच तर तो पलीकडचा प्लॉट पण घ्या ना." पलीकडचा प्लॉट दिसायला शंभर मीटरवर, पण नकाशावर रेषा मधून जात असेल तर झालं. एकदा ऐरोलीच्या बाजूला एकाला बिल्डिंगच्या व्हिडिओत खाडीतले फ्लेमिंगो पाहिजे होते. म्हटलं, साहेब, ते २०१५ पासून अभयारण्य आहे, तिथे माझं लायसन्स चालत नाही, वनखातं लागतं. तोंड वाकडं केलं त्याने. तेव्हापासून कोटेशनमध्ये सर्व्हे नंबर किंवा पत्ता आणि मॅपवर आखलेली हद्द टाकतो, त्याच्या बाहेरचं काही नाही.

पर व्हिजिटच्या बाजूने पण बोलायला पाहिजे. हाती एकही कस्टमर नसेल तर पहिले सहाआठ महिने तेच करा, लोकांना आकडा एका ओळीत लागतो. आणि लग्नाला दुसरं काही चालतच नाही. नवऱ्या मुलाच्या काकांना चार तासांचं गणित सांगायला गेलात तर ते म्हणणार "दादा, वरात येतानाचं पाच मिनिटंच तर घ्यायचंय." तिथे आपला संबंध फोटोग्राफरशी ठेवा, त्याच्याकडून हाफ डे घ्या, त्याने पुढे काय पॅकेज लावायचं ते लावू दे. लग्नाच्या बाजारात २५० ग्रॅमच्या आतला नॅनो घेऊन ३,००० मध्ये करणारी मुलं पण आहेत. त्यांना आरपीसी लागत नाही, नियमानेच, त्यामुळे उगाच त्यांच्या नावाने बोटं मोडू नका. लाल झोन त्यांनाही लाल आहे एवढंच. तुम्ही त्यांच्या रेटला उतरायला गेलात तर मात्र दोघं बसणार.

ब्रोकर लोकांच्या बाबतीत मात्र मी पर व्हिजिट अजिबात सुचवणार नाही. उलव्याच्या एका ब्रोकरचा फोन आला, चार प्लॉट, प्रत्येकी २,५००, "हात्तीच्या, अर्ध्या तासाचं काम." नकाशा उघडला तर सगळं लाल. सांगितलं तर म्हणे "अहो पण आधी एकाने उडवून दिलंय." असेल दिलं. मी तोंडी होकार देऊन निघालो असतो तर त्याच्या लेखी मी आलो, काम केलं नाही, पैसे शून्य. आता फोनवरच सांगतो, लोकेशन पाठवा, झोन बघून मग आकडा सांगतो. निम्मे फोन तिथेच बंद होतात, होऊ देत.

हाफ डे वर गेल्यावर माझे दोन बिल्डर सुटले हे पण खरं. घोडबंदरवाला सुटेल असं वाटलं होतं, तो राहिला. दोन महिने घासाघीस केली, मग ७,५०० वर आला. गेल्या आठवड्यात रात्री साडेसातला त्याच साइट इंजिनिअरचा फोन, "सर, उद्या स्लॅब आहे, तुम्ही येऊ नका, परवा क्रेन आठपर्यंत बंद ठेवतो." दोन वर्षांत त्याने आधी फोन करायची ही पहिली वेळ.