शिक्केवाल्या रहस्यकथा: दहा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या मे महिन्यात आईची जुनी साप्ताहिकं घालायला मी बेळगावच्या शहापुरातल्या एका रद्दीच्या दुकानात गेलो आणि येताना सतरा रहस्यकथा घेऊन आलो. रद्दीवाले मामा म्हणाले, "हे कशाला न्यायलायसा? सगळं सुटलंय की." खरंच सुटलं होतं. पण वरच्याच पुस्तकाच्या पहिल्या पानावर जांभळ्या शाईचा गोल शिक्का होता, कुठल्याशा फिरत्या वाचनालयाचा, आणि त्यात खाली बारीक अक्षरात "जि. बेळगाव, म्हैसूर राज्य". दुकानाच्या दारात उभ्याउभ्या मी त्यातली वीस पानं वाचली. स्कूटरच्या डिकीत पुस्तकं मावेनात, म्हणून हँडलला पिशवी अडकवून टिळकवाडीपर्यंत पहिल्या गिअरमध्ये आलो.

आज कपाटात 140 आहेत. मराठी 112, हिंदी 11, कन्नड 9 आणि इंग्रजी 8. खर्च साडेपाच हजारांच्या आसपास. वाचून झाल्या 83. मध्ये एक अख्खा पावसाळा गेला, त्यात तीन पुस्तकं गमावली. बेळगावात पावसाळा काढल्याशिवाय कागदाबद्दल बोलू नये, म्हणून इतके दिवस थांबलो.

कुणाला हा नाद लावून घ्यायचा असेल तर माझं पहिलं सांगणं असं: कोरी करकरीत प्रत शोधू नका, वाचनालयातून भाड्यानं फिरलेली प्रत घ्या. बहुतेक संग्राहक उलटं सांगतात. मुखपृष्ठ चकचकीत पाहिजे, आत नाव-शिक्का नको, पान दुमडलेलं नको. मीही पहिले दोन महिने तसंच शोधत होतो आणि त्या प्रतीच सगळ्यात आधी मोडल्या. कारण साधं आहे. ही पुस्तकं स्वस्तात काढलेली असत. कागद वर्तमानपत्राच्या जातीचा, आणि बांधणी म्हणजे कडेनं मारलेल्या दोन तारेच्या पिना. आपल्याकडच्या दमट हवेत त्या पिना गंजतात, गंज कागद खातो, आणि मधली पानं पिनेभोवती तपकिरी भोक पाडून सुटतात. 1980 नंतरच्या पॉकेटबुकांना पिना नाहीत, पाठीला नुसता गोंद आहे. तो सुकला की पुस्तक उघडताना कट्कन आवाज येतो आणि हातात दोन पुस्तकं राहतात.

वाचनालयवाल्याला हे परवडत नव्हतं. एक प्रत पन्नास घरं फिरायची तर ती टिकली पाहिजे. म्हणून तो नवं पुस्तक आणल्याआणल्या पिना उपटायचा, दाभणानं भोकं पाडून जाड दोऱ्यानं शिवायचा, आणि बाहेरून पुठ्ठा चढवायचा. माझ्याकडच्या अशा 60 प्रतींपैकी एकीचंही शिवण सुटलेलं नाही. मुखपृष्ठ जातं, हे खरं. काहींनी ते कापून पुठ्ठ्यावर चिकटवलंय, काहींनी फेकून दिलंय. ती पिस्तूलवाली, सावलीवाली, हिरव्या चेहऱ्याच्या मुखवट्यांची चित्रं हरवल्याचं मलाही वाईट वाटतं. पण वाचायला पुस्तक हवं, आणि उताणं झोपून एका हातात धरता येईल असं पुस्तक मला तरी शिवलेलंच मिळालं.

शिक्क्यांचा दुसरा उपयोग मला दिवाळीच्या सुमारास कळला. यातल्या पुष्कळ पुस्तकांवर प्रकाशनाचं साल नाही. पण किंमत "बारा आणे" असेल तर ते दशमान नाणी येण्याच्या, म्हणजे एप्रिल 1957 च्या, आधीचं किंवा फार तर त्याच सुमाराचं. "नवे पैसे" छापलं असेल तर 1957 ते 1964, कारण जून 1964 मध्ये "नवे" हा शब्द गेला. पत्त्यात पिनकोड असेल तर ऑगस्ट 1972 नंतरचं. आणि आमच्या भागाची खास सोय म्हणजे राज्याचं नाव. बेळगाव 1 नोव्हेंबर 1956 ला म्हैसूर राज्यात गेलं, आणि 1 नोव्हेंबर 1973 ला म्हैसूरचं कर्नाटक झालं. म्हणजे "म्हैसूर राज्य" हा शिक्का ती प्रत या सतरा वर्षांत कधीतरी वाचनालयात होती असं सांगतो. पुण्या-मुंबईच्या प्रतींवर ही खूण मिळायची नाही. एका पुस्तकावर मला तीन शिक्के मिळाले: निपाणी, मग गडहिंग्लज, मग पुन्हा बेळगाव. शेवटच्या शिक्क्यात वर मराठी, खाली कन्नड. मधल्या काळात कुणीतरी पेन्सिलीनं समासात लिहिलंय, "हा पोस्टमन खोटं बोलतोय." पान 34 वर. पुस्तक 112 पानांचं आहे आणि त्या वाचकाचं बरोबर होतं.

आता पावसाळा. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आमच्या मागच्या खोलीच्या भिंतीला ओल आली आणि कपाट तिला टेकलेलं होतं. आठ दिवसांत खालच्या खणातल्या तीन प्रतींवर राखाडी बुरशी. त्या काही वाचवता आल्या नाहीत. तेव्हापासून कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे, खालचा खण रिकामा, आणि पुस्तकं घट्ट न ठासता उभी. डांबराच्या गोळ्यांचा वास पानांत मुरतो आणि जात नाही, मी त्या काढून टाकल्या. कसर मात्र शिवलेल्या प्रतींनाच जास्त लागते, कारण पुठ्ठा खळीनं चिकटवलेला असतो आणि खळ हे तिचं खाणं. जुने बांधणीवाले खळीत मोरचूद घालायचे ते याचसाठी. रद्दीतून आलेलं प्रत्येक पुस्तक मी आता प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून दोन आठवडे फ्रीजरमध्ये ठेवतो, मग पिशवी न उघडता एक दिवस बाहेर. आत असतील ते किडे मरतात. वहिनींनी फ्रीजरचा एक कप्पा त्यासाठी मोकळा करून दिलाय, आणि त्यांचे उपकार मी मानतो.

फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका, एवढं हात जोडून सांगतो. पाच-सहा वर्षांत ती पिवळी पडते आणि तिचा चिक्कट डाग शेवटी अक्षरांवरच बसतो. पतंगाचा पांढरा कागद आणि मैद्याची पातळ खळ, बास.

वाचायला कशी आहेत? वेगवेगळी आहेत, आणि इथं मला थोडं सविस्तर बोलायचंय. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर पुस्तकं लिहिली, आणि सलग पाच वाचली की साचा दिसतो. पण त्यांच्या मराठीत एक ठाम चाल आहे. वाक्य आखूड, माणूस दारातून आत येतो तेव्हा तो कसा येतो हे एका ओळीत. झुंजार, काळा पहाड ही त्यांच्या नायकांची नावं आमच्या वडिलांच्या पिढीत गल्लीतल्या पोरांना टोपणनावं म्हणून पडायची. गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप मी मराठा लाइट इन्फंट्रीच्या या गावात वाचला, सकाळी कॅम्पातून, म्हणजे लष्करी छावणीतून, कवायतीचा आवाज येत असताना, आणि तो मला इतर कुठं वाचला असता त्यापेक्षा जास्त खरा वाटला. सुहास शिरवळकरांचे दारा बुलंद आणि मंदार पटवर्धन मात्र आजही नवीन माणसाच्या हातात बिनधास्त ठेवावेत. त्यांचे संवाद कॉलेजच्या कट्ट्यावरचे आहेत, जुने झालेले नाहीत.

काही गोष्टी आज वाचवत नाहीत. बाईचं पात्र आलं की ती एक तर फसवणार किंवा बेशुद्ध पडणार. रंगानं काळा, चेहऱ्यावर देवीचे वण असलेला माणूस दिसला की तो गुन्हेगार. असं पान आलं की मी थांबतो. आईला वाचून दाखवताना तिनं एकदा स्पष्ट सांगितलं, "हे आम्हाला तेव्हाही आवडायचं नाही. पण दुसरं काय मिळायचं?"

माझ्या पुतणीनं, वय चौदा, एक पुस्तक वाचलं आणि विचारलं, "ट्रंक कॉल म्हणजे काय?" एक्स्चेंजकडे नोंदवून, वाट बघून परगावी लावायचा फोन, असं तिला सांगता सांगता माझ्या ध्यानात आलं की या कथांतला निम्मा ताण त्या ट्रंक कॉलवर उभा आहे. कॉल लागेपर्यंत दोन तास आहेत, त्या दोन तासांत खुनी मोकळा आहे. तार उशिरा पोचते. टॅक्सीचा नंबर कुणीतरी हातावर लिहून घेतो. आजच्या वेब मालिकेत लेखकाला आधी मोबाइलची बॅटरी संपवावी लागते, मगच भीती तयार होते. आमच्या पिढीनं 1985 मध्ये दूरदर्शनवर करमचंदला गाजर खाताना पाहिलं, पुतणीच्या थोरल्या भावानं 1998 नंतरची सीआयडी पाहिली, आणि हेराला एखादी सवय हवीच, हे तिघांनाही मान्य आहे.

कन्नड पुस्तकांबद्दल. मला कन्नड वाचता येतं, पण सावकाश, बोट ठेवून. एन. नरसिंहय्या हे शाळा फक्त चौथीपर्यंत शिकलेले लेखक, त्यांनी पाचशेवर कादंबऱ्या लिहिल्या आणि त्यांचा पत्तेदार पुरुषोत्तम घराघरांत गेला. कन्नडमध्ये हेरकथेला "पत्तेदारी कादंबरी" म्हणतात. "पत्ता लागला" म्हणणाऱ्या मराठी कानाला हा शब्द परका वाटत नाही. त्यांची भाषा सोपी आहे, म्हणून माझ्यासारख्याला पेलते. ज्या मराठी माणसाला कन्नड वाचन सुधारायचंय त्यानं क्रमिक पुस्तक सोडून यापासून सुरुवात करावी. पुढं काय झालं हे कळायला हवं असतं, त्यामुळे पान उलटतंच.

इंग्रजी आठ आहेत, सगळी कॅम्पातल्या एका बंगल्याच्या आवराआवरीतून आलेली, पेंग्विनच्या हिरव्या पट्ट्यांची. पेंग्विननं 1935 मध्ये सुरुवात केली तेव्हाच गुन्हेकथेला हिरवा आणि कादंबरीला नारिंगी रंग ठरवून दिला होता. देखणी आहेत. अजून दोनच वाचली.

एक तक्रार. ऑनलाइन एका विक्रेत्याकडून "मूळ प्रत" म्हणून साडेपाचशेला घेतलेलं पुस्तक झेरॉक्स काढून बांधलेलं निघालं. फोटोत फक्त मुखपृष्ठ होतं. तेव्हापासून मी आतल्या मधल्या पानाचा आणि पाठीचा फोटो मागितल्याशिवाय पैसे पाठवत नाही. निपाणीच्या बाजारात, कोल्हापुरात, गडहिंग्लजला स्वतः जाऊन वीस-चाळीस रुपयांत जे मिळतं त्याची बरोबरी नाही.

आता राहिलं ते पहिल्या सतरांतलं शेवटचं पुस्तक. त्याची अखेरची आठ पानं नव्हती. श्रीमंत सावकाराचा खून, बंद खोली, औषधाच्या बाटलीवर ठसे. मी आईला रोज संध्याकाळी दहा पानं वाचून दाखवत होतो, आणि पानं संपली तिथं थांबलो. आई शांतपणे म्हणाली, "कंपाउंडर की रे. मी लग्नानंतर पहिल्या वर्षी वाचलेलं हाय हे. औषध तोच बदलतो." मी ते लिहून ठेवलं. जानेवारीत निपाणीला पूर्ण प्रत मिळाली. खुनी वकील निघाला. पुस्तकात कंपाउंडर नावाचा माणूसच नाही.

आई ऐकायला तयार नाही. तिला कंपाउंडरचं नाव आठवतं, त्याची सायकल आठवते, पावसात तो दवाखान्याच्या मागच्या दारानं बाहेर पडतो तेही आठवतं. म्हणजे ते वेगळं पुस्तक आहे, बहुधा 1970 ते 75 च्या दरम्यान आमच्या भागातल्या वाचनालयात फिरलेलं. नाव तिला सांगता येत नाही. मी 83 पुस्तकं त्यासाठी चाळली, त्यात सापडलं नाही. कुणाच्या घरी, माळ्यावर, बंद पडलेल्या वाचनालयाच्या गठ्ठ्यात असं पुस्तक असेल, कंपाउंडर, सायकल, बदललेलं औषध, तर कळवा. विकत नको, आईला वाचून दाखवून परत देईन.